साय की पिस्ता?

४ सप्टेंबर, गुरुवार

ही वही हिने आणून दिली. म्हणाली, "तुमची किरकिर यात लिहा. माझे कान जरा सुटतील."

निवृत्त होऊन सहा महिने झाले. एकेचाळीस वर्षं रंगाच्या दुकानात काढली. लोक भिंतीचा टवका रुमालात बांधून आणायचे आणि मी नुसता बघून तोच रंग डब्यात कालवून द्यायचो. पुढे मशीन आलं, तरी मशीनमधून निघालेला डबा मालक आधी माझ्यापुढे धरायचे. दुकानात मला नावानं कुणी हाक मारत नसे. 'डोळा' म्हणत. "डोळ्याला दाखवा आणि मग पाठवा." असो, आत्मस्तुती पुरे.

आज लिहायला कारण मिळालं. आमच्या आणि शेजारच्या पोस्टमास्तरांच्या घरांच्या मध्ये सामाईक हिरवळ आहे. तिच्यावर अकरा अळंब्या उगवल्यात, अर्धवट गोलात. पोस्टमास्तरही निवृत्त, एकटेच असतात, त्यामुळे त्यांना सगळ्यात मत असतं. ते पायानं उडवायला निघाले. "कुत्र्याच्या छत्र्या हो, रंगवाले! उडवून टाका." मी आडवा गेलो. नाव कळल्याशिवाय कशालाही लाथ मारायची नाही, हा माझा बाणा आहे.

"मग लावा नाव," म्हणाले. लावतो की.

६ सप्टेंबर, शनिवार

वाचनालयातून अळंब्यांवरचं जाडजूड पुस्तक आणलं. छपाई सुमार. सगळी चित्रं चहात बुडवून काढल्यासारखी. वाचनालयातले दिवेही पिवळे. हल्ली पांढरा दिवा कुणाला बनवताच येत नाही.

पोटावर झोपून एक अळंबी नीट पाहिली. टोपी ताटलीएवढी, पांढरी, वर तपकिरी खवले. दांड्याला कडं आहे आणि ते बोटातल्या अंगठीसारखं वरखाली सरकतं. टोपीखाली पापुद्रे. पुस्तकात दोन नावं जुळली. एक खाण्याची, चवीला म्हणे नामी. दुसरी तिची सोंगाडी बहीण. ती खाल्ली तर धडधाकट माणूस दिवसभर ओकतो आणि लहान मूल असेल तर दवाखाना गाठावा लागतो. दिसायला दोघी सारख्या. खात्रीचा फरक एकच: टोपीखालून बारीक पूड झडते, ती पहिलीची पांढरी आणि दुसरीची हिरवट.

म्हणजे शेवटी प्रश्न रंगाचा. मला हसूच आलं. हा प्रश्न या अळंब्यांनी बरोबर माणसापुढे आणून टाकला. दुकान सोडताना मालकांनी जुनं शेडकार्ड दिलं होतं, पंख्यासारखं उघडणारं, सातशे वीस पट्ट्या, प्रत्येकीखाली नाव. ते ट्रंकेतून काढलं.

संध्याकाळी फिरायला निघालो तर पोस्टमास्तर माझ्या पायांकडे बघून हसायला लागले. एका पायात काळा मोजा, दुसऱ्यात निळा. कपाटात उजेड नाही, दुसरं काय. हिला सांगितलं तर हिने सगळे मोजे बाहेर काढले आणि जोड्या गुंडाळून ठेवल्या. म्हटलं, मी काय बालवाडीत आहे? म्हणाली, "मला वेळ जात नव्हता."

८ सप्टेंबर, सोमवार

पूड पाडायची रीत सोपी आहे. दांडा कापायचा, पापुद्रे खाली करून टोपी कागदावर ठेवायची आणि वर वाडगा झाकायचा. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्यायचा, म्हणजे पांढरी पूड पडली तरी काळ्यावर दिसते. काल दुपारी हिचा मोठा वाडगा लंपास करून झाकला होता.

आज सकाळी उचलला. काय सुंदर नक्षी! एकेका पापुद्र्याची रेघ उमटलेली. शेडकार्डातल्या पांढऱ्यांच्या पानाशी लावून पाहिलं. 'साय.' पांढऱ्यातली जरा दाट छटा. निकाल लागला: खाण्याची.

हिला बोलावलं. ती कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला काय दिसतंय?"

"साय. तुला?"

"नक्की ना?"

"एकेचाळीस वर्षं," मी म्हटलं.

"चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. अर्ध्या तासानं जाऊन पाहिलं तर ओट्याशी नुसती उभी. चहा टाकलाच नव्हता.

जेवताना म्हणाली, "एकदा डोळे दाखवून येऊ या का? दोघंही. माझाही नंबर बदललाय." मी ताडकन म्हटलं, तुझा बदलला असेल. माझ्याकडे या घरात दुसरं काही धड नाही. गुडघे नाहीत, दात नाहीत. एक डोळा आहे, त्याला तरी दवाखान्यात ओढू नकोस. आवाज चढला माझा. नको होता चढायला.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज फार वाईट झालं. चार अळंब्या निवडून, पुसून, लोण्यात लसूण घालून मी स्वतः परतल्या. घरभर वास सुटला. मिरपूड आणायला कपाटाकडे वळलो, तर ही म्हणाली, "द्या, मी टेबलावर नेते." आणि स्वयंपाकघराच्या दारातच तिच्या हातून आख्खी कढई पालथी. एक फोड वाचली नाही.

चाळीस वर्षांच्या संसारात या बाईच्या हातून चमचा पडलेला मला आठवत नाही. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तिनं खाली बसून सगळं भरलं, आणि साबणानं फरशी तीनदा पुसली. तीनदा! मग म्हणाली, "हात थरथरतात हल्ली."

रागाचा पारा उतरला आणि जीव चरकला. हात थरथरतात म्हणजे काय? कधीपासून? मी माझ्याच नादात, माझं लक्षच नाही. तिला डॉक्टरकडे न्यायलाच हवं. म्हातारपणी एकानं तरी धड राहायला पाहिजे, म्हणजे ते मलाच राहायला हवं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काल दोन अळंब्या पोस्टमास्तरांना दिल्या. कशा परतायच्या तेही सांगितलं. आज हिरवळीवर भेटले.

"कशा झाल्या होत्या?"

"उत्तम! अगदी उत्तम. गोडसर."

"गोडसर?"

"म्हणजे, तिखट घातलं होतं ना, त्यामुळे गोडसर," म्हणाले आणि घाईनं वर्तमानपत्र आणायला गेले. वर्तमानपत्र त्यांच्या काखेतच होतं. एकट्या माणसाला चव कळेनाशी होते बहुतेक.

ही तिथेच कपडे वाळत घालत होती. तिला म्हटलं, बघ, आमच्या संशोधनाची लोक वाहवा करतात आणि तू कढई पाडतेस. ती चिमटे शोधत राहिली.

१५ सप्टेंबर, सोमवार

सगळ्या गेल्या! सकाळी पाहतो तर हिरवळीवर नुसते खड्डे. एकही शिल्लक नाही, दांडेसुद्धा मुळापासून उपटलेले. पोस्टमास्तर म्हणाले, "बोका असेल. मी पाहिला. चांगला दांडगा बोका होता." बोका अळंब्या कशाला खाईल म्हटलं, तर म्हणाले, "भूक लागली असेल." मग ही दारात आली तसे ते आत गेले.

हिच्या चपला ओल्या होत्या आणि त्यांना गवत चिकटलं होतं. विचारलं, तू बोका पाहिलास का? म्हणाली, नाही, मी तर आत्ताच उठले.

पण पुस्तक सांगतं, मूळ जाळं जमिनीखाली असतं. पुन्हा येतील. वाट बघू.

१७ सप्टेंबर, बुधवार

हिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी हात पुढे धरायला सांगितले, बोटं तपासली, कागदावर गोल काढायला लावला. गोल माझ्याहून चांगला आला. म्हणाले, "यांना काही झालेलं नाही." मग ही म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" बायकांचं काही असेल, मी बाहेर बसलो.

पाच मिनिटांनी डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला. म्हटलं, पेशंट ही आहे. ते हसले आणि एक चिठ्ठी हिच्या हातात दिली. औषध दिसत नाही कुठलं. चिठ्ठी तिने पर्समध्ये ठेवली, मला दाखवली नाही.

रस्ता ओलांडताना तिने माझा दंड धरला. म्हटलं, बरं वाटत नाही का? म्हणाली, "हो, जरा धरून चला." मग घरापर्यंत मी तिला जपून आणलं.

२० सप्टेंबर, शनिवार

लेक सकाळी नातीला सोडून गेली, उद्या संध्याकाळी न्यायला येईल. नात सात वर्षांची. उभी कमी आणि गवतात जास्त असते म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो.

मुंगीला माझा डोळा आलाय. तिच्या आईत नाही, थेट नातीत उतरला. ती चार वर्षांची असल्यापासून आमचा खेळ आहे: मी शेडकार्डातली पट्टी उघडायची, खालचं नाव अंगठ्यानं झाकायचं आणि तिनं ओळखायचं. आज चौदा पट्ट्या काढल्या, चौदाच्या चौदा बरोबर. 'ओली वाळू' आणि 'कोरडी वाळू' यांत मी माणसं गडबडलेली पाहिलीत. ही पोरगी गडबडत नाही.

आणि शुभ शकुन बघा, हिरवळीवर सात नव्या अळंब्या! बोक्याच्या आधी मीच काढल्या. एक टोपी वाडग्याखाली, बाकीच्या बिस्किटांच्या डब्यात, डबा माझ्या टेबलाच्या खणात. उद्या दुपारी मुंगीला आजोबांच्या हातची खिलवायची. हिला सांगितलं तर म्हणाली, "तिला नको. तिच्या पोटाला सोसणार नाही." म्हटलं, पोस्टमास्तरांना सोसल्या! दुपारभर मुंगीला जवळ घेऊन कुजबुजत होती. आजी-नातीच्या गोष्टी, आपण मध्ये पडू नये.

२१ सप्टेंबर, रविवार

आजच लिहिलं पाहिजे. उद्या मी यात सारवासारव करीन.

सकाळी डब्यातल्या दोन पोस्टमास्तरांना देऊन आलो. मग वाडगा उचलला. मागच्यापेक्षा दाट पूड, भरघोस. मुंगीला म्हटलं, चल, शेवटची परीक्षा, हा रंग कोणता?

तिनं कागदाकडे पाहिलं आणि मग दाराकडे. ही बाजारात गेली होती.

"काय गं? येत नाही?"

"येतं. पण आजीनं सांगितलंय, आजोबांना नाही म्हणायचं नाही आणि अळंबी खायची पण नाही."

मी हसलो. म्हटलं, माझ्या कानात सांग, आजीला कळणार नाही. तिनं शेडकार्ड ओढलं, पंखा उघडला, भराभर पानं सरकवली आणि एक पट्टी कागदाला लावली. तंतोतंत. कुठे पट्टी संपते आणि कुठे पूड सुरू होते ते कळू नये इतकी.

"शाबास! साय," मी म्हटलं.

"आजोबा, वाचा ना," ती म्हणाली.

पट्टीखाली छापलं होतं: 'कोवळा पिस्ता.'

मी पांढऱ्यांचं पान उघडलं, 'साय' काढली आणि दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. खिडकीशी नेल्या. बाहेर उन्हात नेल्या. चष्मा पुसला. दोन पट्ट्यांत एकच फरक होता, खालच्या अक्षरांचा. या दोन छटा मी दुकानात वीस पावलांवरून सांगायचो. 'साय मागितली होती, हा पिस्ता का काढलास' म्हणून पोरांना झापायचो.

मग मला ते आठवलं. पोस्टमास्तर.

घरातल्या सपातांवर धावलो. गुडघे कुठे गेले ते कळलं नाही. त्यांच्या परसदाराच्या कुंपणातल्या फटीतून घुसलो, शर्ट फाटला. ते स्वयंपाकघरात होते आणि गॅसवर काहीतरी चरचरत होतं.

"खाऊ नका!" मी ओरडलो. "विषारी आहेत त्या. हिरवी पूड आहे. मला दिसली नाही. ऐकताय का, मला हिरवं दिसत नाही!"

त्यांनी शांतपणे गॅस बंद केला. तव्यावर अंडं होतं. मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. माझी दोन अळंब्यांची पुडी न उघडता कचऱ्याच्या डब्यावर ठेवलेली होती.

"बसा, रंगवाले. आम्ही नाही खाल्ल्या."

"आणि त्या दिवशीच्या?"

"त्याही नाही. तुमच्या मागोमाग वहिनी आल्या होत्या. त्यांनी मला शपथ घातली होती." मग खाली बघून म्हणाले, "मी जन्मभर लोकांची पत्रं पोचवली हो. खोटं बोलायचा सराव नाही. ते गोडसर वगैरे... माफ करा."

या माणसाला मी मारता मारता राहिलो होतो, आणि तो माफी मागत होता. मला रडू आवरेना. ते पाठीवर हात फिरवत राहिले. मुंगी दारात उभी होती. तिला वाटलं, तिच्यामुळेच.

तिला कडेवर घेतलं. सात वर्षांची झाली, जड आहे, तरी घेतलं. म्हटलं, तू आज आजोबांचा जीव वाचवलास, आणि अब्रूही. अब्रू म्हणजे काय, असं तिनं घरी येईपर्यंत चार वेळा विचारलं.

उरलेल्या अळंब्या कागदात गुंडाळून बाहेरच्या मोठ्या कचऱ्यात टाकल्या. हात दोनदा धुतले. मुंगीचेही धुतले.

२२ सप्टेंबर, सोमवार

काल संध्याकाळचं लिहायचं राहिलं.

लेक मुंगीला घेऊन गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. ही मटार सोलत बसली होती. बाजारातून आल्यापासून तिनं फाटका शर्ट पाहिला होता, माझं तोंड पाहिलं होतं, आणि विचारलं काहीच नव्हतं. मी समोर बसलो आणि दोन शेंगा उचलल्या.

"कढई तू मुद्दाम पाडलीस."

"हो."

"बोकाही तूच."

ती हसली. "पहाटे उठून कंबर मोडली माझी."

"आणि आज मुंगीच्या ताटात वाढली असती तर?"

"तर ओरडून सांगितलं असतं तुम्हाला, पोरीसमोर," ती लगेच म्हणाली. "तुम्ही वर्षभर बोलला नसता माझ्याशी. चाललं असतं मला."

"मग आधीच का नाही सांगितलंस?"

सोललेले दाणे बोटांनी चाचपत म्हणाली, "दुकान सोडून आलात तेव्हा सगळं तिथे ठेवून आलात. लोक, गप्पा, मान. हे एकच घरी घेऊन आलात. ते मी कोणत्या तोंडानं काढून घेऊ? म्हटलं, डॉक्टरच सांगतील. पण तुम्ही तक्तासुद्धा वाचला नाहीत." मग तिचे डोळे भरले. "मी चुकलेच. पोस्टमास्तरांना गाठायला मला उशीर झाला असता त्या दिवशी, तर? मी रात्रंदिवस त्याच धास्तीत होते."

चूक तिची नव्हती. तसं मी तिला सांगितलं. मी तिच्यावर आवाज चढवला होता, म्हणून तिला कढई पाडावी लागली. माझ्यासमोर खरं बोलण्यापेक्षा तिला भरली कढई पाडणं सोपं वाटलं, हे काही मला भूषण नाही. हेही सांगितलं.

तिनं पर्समधली चिठ्ठी काढली. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ आहे, गुरुवारी अकरा वाजता. मोतीबिंदू असेल म्हणतात, काढला की दिसेल. दिसेल की नाही ते गुरुवारनंतर बघू. जायचं मात्र ठरलं. मीच तिला म्हटलं, तू दंड धर, मला रस्ता नीट दिसत नाही. हे म्हटल्यावर इतकं हलकं वाटलं की मला स्वतःचाच राग आला. केवढं ओझं उगाच वागवत होतो.

मग मी म्हटलं, "सांग. घरातलं सगळं सांग, मी काय काय चुकीचं बघतोय."

ती उठली. मी मागोमाग. ती एकेका वस्तूवर हात ठेवून सांगत गेली. हा पडदा निळा आहे, तुम्ही राखाडी म्हणता. ही उशी जांभळी. ही भिंत पांढरीच आहे हो, पिवळी नाही पडली, तुम्ही उगाच रंगाऱ्याला शिव्या घातल्यात. तुमचा हा आवडता शर्ट, जो तुम्ही काळा म्हणून घालता, तो हिरवा आहे, बाटलीसारखा. या शर्टात मी पोस्टमास्तरांच्या बहिणीच्या तेराव्याला गेलो होतो. हे आठवून आम्ही दोघं पलंगावर बसून पोट धरून हसलो.

खोलीतला उजेड कमी होत होता. हसून हसून तिच्या केसांची पिन निघाली होती आणि ती परत लावत होती. मी विचारलं, "आणि तुझे केस? खरं सांग."

तिनं पिन दातात धरली होती. ती काढून, मान ताठ करून म्हणाली, "काळे. सगळेच्या सगळे काळे."

हे मात्र मला अजूनही स्वच्छ दिसतं. तरी इथे लिहून ठेवतो, डोळ्याच्या सहीनिशी: काळे.